बॉम्बे ब्लड ग्रुप नुसता अपवाद म्हणून शिकवू नका : जीवशास्त्राच्या शिक्षकांना खुले पत्र

प्रति,
मुंबईतल्या कनिष्ठ महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकवणारे सर्व सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी परळ भागातल्या एका रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. तुमच्या कॉलेजात एनएसएसचे रक्तदान शिबिर लागते तेव्हा टेबलामागे बसून "नाश्ता करून आलास ना?" असे विचारणारी आणि बोटाला सुई टोचणारी बाई म्हणजे मी, नाहीतर माझ्यासारखीच कोणीतरी. मुले रांगेत असताना भरपूर बोलतात, थोडे धीर यावा म्हणून, थोडे आम्हाला आजमावायला. "मॅडम, तुम्ही बॉम्बे ग्रुप बघितलाय का?" हा प्रश्न तर ठरलेला; बॉम्बे ग्रुप म्हणजे रक्ताचा एक अतिशय दुर्मिळ गट. मी उलट विचारते, तुला काय माहीत आहे ते आधी सांग. उत्तर तोंडपाठ असते: एच अँटिजेन (लाल पेशीवरची, ए आणि बी यांच्या पायाची खूण) बनत नाही, म्हणून ए आणि बी सुद्धा बनत नाहीत, तपासणीत ओ दिसतो, रिसेसिव्ह एपिस्टॅसिस (एका जनुकाच्या बिघाडाने दुसरे झाकले जाणे). मार्कांपुरते सगळे बरोबर. मग मी विचारते, एच बनवणारे जनुक एकच असते का रे? यावर आजवर कोणी हात वर केलेला मला आठवत नाही.

दोष मुलांचा नाही, तुमचाही फारसा नाही. आनुवंशिकतेच्या धड्यात बॉम्बे ग्रुप येतो तो मेंडेलच्या नियमाला अपवाद म्हणून. गुणसूत्रांतल्या बिघाडांच्या धड्यात द्विरावृत्ती (गुणसूत्राचा तुकडा दोनदा येणे) येते ती लोप, उलटापालट, स्थानांतर यांच्या रांगेतला एक बिघाड म्हणून. उत्क्रांतीच्या धड्यात उत्परिवर्तन आणि नैसर्गिक निवड येते, पण मुळात नवे जनुक येते कुठून, हा प्रश्न कोणी काढतच नाही. तीन धडे, तीन वेगळ्या वह्या. माझी विनंती एवढीच की हे तिन्ही एकत्र शिकवा आणि सुरुवात बॉम्बे ग्रुपपासून करा. जनुकांच्या प्रती तयार होणे, त्या प्रती बदलणे आणि त्यांतल्या काही हरवणे, यातूनच जीनोम, म्हणजे सगळा जनुकसंच, आजच्या रूपाला आला आहे. त्याचा नमुना आमच्याकडे नळीत सापडतो, त्यासाठी पुस्तकातल्या फळमाशीपर्यंत जायला नको.

आमच्या टेबलावर तो असा सापडतो. पेशंटच्या लाल पेशींत अँटी-ए (ए असलेल्या पेशींच्या गुठळ्या करणारा द्रव) टाकले, काही नाही. अँटी-बी टाकले, काही नाही. सेंट्रिफ्यूजमधून काढलेली नळी हलकेच तिरकी करून हलवली की तळाशी बसलेली लाल गुंडी धुरासारखी सुटून पसरते. म्हणजे ओ. मग उलट तपासणी: पेशंटचे सीरम आणि आमच्याकडच्या, गट माहीत असलेल्या पेशी. ए पेशींच्या गुठळ्या, बी पेशींच्या गुठळ्या, इथवर ओ गटाला शोभेल असेच. ओ पेशींच्या नळीत मात्र काही घडायला नको. बॉम्बे असेल तर तिथेही गुंडी अख्खीच्या अख्खी सुटते आणि कितीही हलवा, फुटत नाही. असे दिसले की हातातले काम बाजूला ठेवून फ्रिजमधून अँटी-एच लेक्टिन, म्हणजे एच असलेल्या पेशी गोळा करणारे द्रावण, काढायचे. युरोपात माळरानावर वाढणाऱ्या, पिवळ्या फुलांच्या एका काटेरी झुडपाच्या बियांपासून ते बनवतात. साध्या ओ पेशी त्यात घट्ट गोळा होतात, या पेशी ढिम्म राहतात. मग डॉक्टरांना सांगायचे आणि फोनाफोनी सुरू करायची, कारण या माणसाला ओ निगेटिव्हची पिशवीही चालत नाही. त्याला त्याच्याच गटाचे रक्त लागते. भारतात हा गट साधारण दहा हजारांत एकाचा, युरोपात दहा लाखांत एखाद्याचा. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो याच शहरात ओळखून 'लॅन्सेट'मध्ये छापला, म्हणून नावात बॉम्बे. शहराचे नाव बदलले, गटाचे तेच राहिले.

आता माझ्या प्रश्नाचे उत्तर. एच बनवणारी जनुके दोन आहेत. एकोणिसाव्या गुणसूत्रावर एफयूटी-१ आणि एफयूटी-२ एकमेकांजवळ बसलेली असतात. काम दोघांचे एकच, पेशीवरच्या साखरेच्या साखळीच्या टोकाला फ्युकोज नावाची आणखी एक साखर जोडायची. एफयूटी-१ हे काम लाल पेशींवर करते, तर एफयूटी-२ लाळेत आणि आतड्याच्या अस्तरात. त्यांच्याच परिसरात सेक-१ नावाचे तिसरेही आहे. दिसायला यांच्यासारखेच, पण माणसात निकामी. तिघांच्या डीएनएची अक्षरे शेजारी मांडली तर साम्य इतके ठळक आहे की मूळ एकच होते याबद्दल वाद उरत नाही. एका जुन्या जनुकाच्या प्रती होत गेल्या, एकीने रक्त धरले, दुसरीने लाळ आणि आतडे, तिसरी वाटेत गळाली.

भारतीय बॉम्बे गटात नेमके काय बिघडले, हे १९९७ पासून माहीत आहे. एफयूटी-१ मध्ये ७२५ व्या जागी टी ऐवजी जी हे अक्षर आले, त्यामुळे प्रथिनात ल्युसिनच्या जागी आर्जिनीन बसले आणि विकर, म्हणजे साखर जोडणारे ते प्रथिन, बंद पडले. एफयूटी-२ चे मात्र एखादे अक्षर नव्हे, ते जनुकच गायब आहे. सुमारे दहा हजार अक्षरांचा तुकडा कापून गेलेला. हा तुकडा का गेला ते वर्गात जरूर सांगा. त्याच्या दोन्ही टोकांना आलू नावाचे, साधारण तीनशे अक्षरांचे, एकसारखे मजकूर आहेत. हे आलूही प्रतीच. आपल्या जीनोममध्ये ते दहा लाखांहून जास्त ठिकाणी विखुरलेले आहेत आणि एकूण जीनोमचा जवळपास दहावा भाग त्यांनी अडवला आहे. बीजपेशी बनताना गुणसूत्रे एकमेकांशी जुळतात, तेव्हा एका ठिकाणचा आलू भलत्याच ठिकाणच्या आलूशी जुळला की मधला मजकूर सुटून जातो. म्हणजे प्रती झाल्या म्हणून दोन जनुके मिळाली, आणि दुसऱ्याच कसल्या तरी प्रती झाल्या म्हणून त्यांतले एक गेले. हे दोन्ही बिघाड इतके जवळ आहेत की पिढ्यानपिढ्या ते एका गाठोड्यासारखे एकत्र वारशाने जातात. आई आणि वडील दोघांकडून तेच गाठोडे आले तरच मूल बॉम्बे. नात्यात लग्ने होणाऱ्या घरांत तो जास्त दिसतो याचे कारण हेच. काही जणांत एफयूटी-१ बंद पण एफयूटी-२ चालू असते. त्यांच्या लाळेत एच सापडतो, त्यांना आम्ही पॅरा-बॉम्बे म्हणतो. आणि दोन्ही नसलेला माणूसही ठणठणीत असतो, रक्त चढवायची वेळ येईपर्यंत त्याला पत्ताही नसतो.

जुन्या प्रतीला हात न लावता नवी प्रत बदलू शकते, हे मुलांना कसे सांगायचे? मी मेगाब्लॉकचे उदाहरण देते. हार्बरला दोनच रूळ, तिथे रविवारी ब्लॉक घेतला की गाड्या रद्द. मेन लाइनला चार, म्हणून स्लोवर काम काढले तरी गाड्या फास्टवरून जातात आणि कल्याणचा माणूस दादरला पोहोचतो. एकच जनुक असेल तर त्यात मोठा बदल म्हणजे सेवा बंद, आणि तो बदल निवडीत टिकत नाही. प्रत दुसरी असेल तर एक धावत राहते, दुसरीत काहीही होऊ शकते. फक्त मुलांना हेही बजावा की इथे अभियंता कोणी नाही. ब्लॉकमध्ये रूळ सुधारतात. जनुकाच्या जादा प्रतीत निव्वळ चुका साठतात आणि त्यातली क्वचित एखादी कामाची निघते. बहुतेक प्रतींचे सेक-१ होते. काही थोड्या प्रती जुनेच काम आपसात वाटून घेतात, जसे रक्त एकीकडे आणि लाळ दुसरीकडे. त्याहून थोड्या प्रतींना अगदी नवे काम सापडते. जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन, जे पुढे १९५७ मध्ये भारतात येऊन राहिले आणि इथलेच नागरिक झाले, त्यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीलाच जादा प्रतीच्या या मोकळिकीकडे बोट दाखवले होते. १९७० मध्ये जनुकशास्त्रज्ञ सुसुमु ओनो यांनी त्यावर अख्खे पुस्तक लिहून तो उत्क्रांतीचा मुख्य रस्ता असल्याचे ठासून सांगितले. तेव्हा जनुकांची अक्षरे वाचायची सोयही धड नव्हती. पुढे वाचता आली, तेव्हा ओनो बरेचसे बरोबर निघाले.

बॉम्बे गट दुर्मिळ आहे, त्यावर इतका वेळ कशाला, असे वाटेल. मग आरएच, म्हणजे गटापुढचे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह, घ्या. तो वर्गातल्या प्रत्येकाच्या कार्डावर छापलेला असतो. पहिल्या गुणसूत्रावर आरएचडी आणि आरएचसीई अशी दोन जुळी जनुके आहेत. उंदरात एकच असते. दुसरी प्रत आली ती आपण, चिंपांझी आणि गोरिला यांच्या सामाईक पूर्वजात. आरएचडीच्या दोन्ही बाजूंना पुन्हा एकसारखे मजकूर, आणि गुणसूत्रे जुळताना तेच चुकीचे जुळले, मधले आरएचडी उडाले. युरोपातल्या आरएच निगेटिव्ह माणसांत बहुतेक वेळा हेच घडलेले असते, जनुक जागेवरच नाही. आफ्रिकेत निगेटिव्ह लोकांत मात्र अनेकदा आरएचडी जागेवर असते, पण त्यात ३७ अक्षरांचा एक तुकडा दोनदा आल्यामुळे ते वाचता येत नाही. निकाल एकच, वाटा दोन. भारतात शंभरातले साधारण पाच जण निगेटिव्ह आहेत, म्हणजे तुमच्या प्रत्येक तुकडीत चार-पाच तरी असणार. निगेटिव्ह बाईला पॉझिटिव्ह बाळ झाल्यावर अँटी-डीचे इंजेक्शन का देतात, हे मुलींना घरी ऐकून माहीत असते. त्या इंजेक्शनमागे एक हरवलेली प्रत आहे, हे मात्र कोणी सांगत नाही.

आणि मग थॅलेसेमिया, हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार. ही मुले दोन ते चार आठवड्यांनी आमच्याकडच्या पिशव्यांवर जगतात. सकाळी आईच्या हातात फाइल, मुलाच्या हातात मोबाइल, सलाइन स्टँडला लाल पिशवी. हिमोग्लोबिनची जनुके म्हणजे प्रतींचे एक मोठे एकत्र कुटुंब. अल्फा आणि बीटा या शाखा साधारण ४५ ते ५० कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. सोळाव्या गुणसूत्रावर अल्फाच्या दोन प्रती शेजारी शेजारी, अकराव्यावर बीटाच्या घरातली गर्भातली, जन्मानंतरची अशी वेगवेगळी. अल्फाच्या दोन प्रती इतक्या सारख्या की त्यांची जुळणी वरचेवर चुकते. ३७०० अक्षरे गळून एका गुणसूत्रावर एकच अल्फा उरते, समोरच्यावर तीन होतात. एकच उरलेले लोक मलेरियाच्या पट्ट्यात खूप आहेत, आपल्या आदिवासी भागांतही, आणि सिकलसेल (बीटातल्या बिघाडाने लाल पेशी कोयत्यासारख्या होण्याचा आजार) असलेल्या माणसात ही कमतरता उलट आजार थोडा सौम्य करते. तीन अल्फा असलेल्याला त्रास नाही, पण सोबत बीटाचे एक जनुक बिघडलेले असेल तर आजार अपेक्षेपेक्षा जड होतो. जास्त प्रती म्हणजे जास्त चांगले, हे गणित इथेच मोडते. ते मोडताना मुलांनी पाहायला हवे.

याच कुटुंबातले गर्भातले जनुक, गॅमा, जन्मानंतर काही महिन्यांत झोपी जाते. अक्षरे शाबूत असतात, फक्त बंद. बीटा बिघडलेल्या मुलात हे गॅमा पुन्हा जागे केले तर? सिकलसेलमध्ये हायड्रॉक्सीयुरिया हे औषध बऱ्याच अंशी तेच करते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटनने जनुकात काटछाट करणारा जो पहिला उपचार मंजूर केला, तो बीटाला हातही लावत नाही. गॅमाला दाबून ठेवणाऱ्या बीसीएल-११ए या जनुकाचा रक्तपेशींतला स्विच तेवढा कापतो. म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी झालेली एक जादा प्रत आज औषध म्हणून उपयोगी पडते आहे. त्याची किंमत आमच्या मुलांच्या आयांनी ऐकली तर त्या हसतील, हे वेगळे सांगायला नको. पण विज्ञान म्हणून बारावीच्या मुलाला हे कळायला काहीच हरकत नाही.

प्रतींमधला आणि माणसामाणसांतला फरक टिकतो कसा, हेही रक्तातच दिसते. ए आणि बी यांच्या विकरांत मुख्य फरक फक्त चार अमिनो आम्लांचा. नेहमीचा ओ म्हणजे एक अक्षर गळाल्याने वाचन घसरलेले जनुक. एवढ्याशा फरकाचे हे ए आणि बी गिबन माकडांतही आहेत, आणि २०१२ च्या एका अभ्यासानुसार हा भेद किमान दोन कोटी वर्षे पूर्वजांकडून तसाच चालत आला आहे. इतका काळ दोन्ही टिकतात म्हणजे कधी एकाला, कधी दुसऱ्याला फायदा होत असणार. एफयूटी-२ चेच बघा. युरोपात साधारण पाचांत एकाचे ते बंद असते, त्यांच्या लाळेत एबीओ सापडत नाही. पण जुलाब-उलट्यांची साथ आणणारा नोरोव्हायरस आतड्यात याच साखरेला पकडून शिरतो, त्यामुळे त्याच्या नेहमीच्या प्रकारांपासून हे लोक बरेचसे बचावतात. बिघाड म्हणावा की लाभ? ते कुठली साथ आली आहे त्यावर ठरते.

रक्ताबाहेर जायचे तर मुंबईत उदाहरणांना तोटा नाही, मी नुसती नावे टाकते. लोकलच्या मोटरमनची रंगदृष्टी तपासतात. लाल आणि हिरवा ओळखणारी जनुके एक्स गुणसूत्रावरच्या जुळ्या प्रती आहेत आणि त्यांची जुळणी चुकली की रंगांधळेपण. खपली गव्हात २८ गुणसूत्रे, चपातीच्या गव्हात ४२. तिथे जनुक नव्हे, दुसऱ्या गवताचा जनुकसंचच येऊन मिळाला. देशी कापसात २६, अमेरिकन जातीत ५२, आणि लांब धाग्याचे कापड त्या दुसऱ्यातून आले, हे गिरणगावातल्या मुलांना नाही सांगायचे तर कोणाला? बोंबलाच्या पूर्वजांत अख्खा जीनोम एक वेळ जास्त दुप्पट झाला, मोरी (शार्क) माशाच्या पूर्वजांत ती वेळ आली नाही. कोणी म्हणाले की ज्याच्याकडे डीएनए जास्त तो जास्त प्रगत, तर त्याला भज्यातला कांदा दाखवा. त्याचा जीनोम आपल्या पाचपट आहे.

तुमची अडचण मला माहीत आहे. पोर्शन संपवायचा असतो, नीटला जे येत नाही त्यासाठी मुले वही उघडत नाहीत, क्लासवाले वेगळेच काही शिकवतात. पण मी नवा धडा मागत नाही. एबीओ तुम्ही शिकवताच, आरएच शिकवताच, थॅलेसेमिया शिकवताच. त्यातच हे दोन-चार वाक्यांनी बसते. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून २०२३ मध्ये उत्क्रांतीचा भाग गेला, तेव्हा देशभरातल्या अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ, शिक्षक आणि इतरांनी विरोधाच्या पत्रावर सह्या केल्या. त्या अभ्यासक्रमातून आलेल्या मुलाला उत्क्रांती पहिल्यांदा भेटणार ती तुमच्याच वर्गात. दरम्यान त्याच्या व्हॉट्सॲपवर "उत्परिवर्तनाने फक्त नुकसान होते, नवीन काही तयार होऊच शकत नाही" असा फॉरवर्ड येऊन गेलेला असतो. त्याला उत्तर द्यायला हिमोग्लोबिनच्या घराण्याइतके सरळ साधन मला तरी माहीत नाही.

आणखी एक. बॉम्बे गटाचा माणूस म्हणजे वर्गातली गंमत नव्हे. शिबिरात असा दाता सापडला तर त्याचे नाव यादीवर चढते आणि रात्री-अपरात्री फोन येऊ शकतो, याची त्याला आणि त्याच्या मित्रांना आधी कल्पना असलेली बरी. भावंडांचीही तपासणी करायला सांगा. गाठोडे एकाच घरातले असते, त्यामुळे दुसरा सापडण्याची शक्यता तिथेच सर्वांत जास्त.

आमच्याकडे यायचे असेल तर पंधरा-वीस मुलांची एक तुकडी आणा, त्याहून मोठी नको, लॅब लहान आहे. सोमवार आणि गुरुवार सोडून, कारण त्या दिवशी थॅलेसेमियाची मुले असतात आणि त्यांच्याकडे कोणी टक लावून बघितलेले त्यांना आवडत नाही. ओ पेशी आणि अँटी-एच लेक्टिनची तपासणी मी प्रत्येकाच्या हाताने करवून घेईन. बॉम्बेचा नमुना त्या दिवशी असेलच असे नाही. नसेल तर वर्गातल्या निगेटिव्ह मुलांच्या कार्डावरून सुरू करू.

कळावे, लोभ असावा.

आपली,
रक्तपेढीतली एक तंत्रज्ञ
परळ, मुंबई